फोटोची ओळख फोटोतच लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती आणि नवरात्र आटोपले की मुंबईतल्या हौशी छायाचित्रकारांच्या घरोघरी तीच अवस्था असते. कार्डे भरलेली असतात, फोनमधली जागा संपलेली असते आणि ‘आता कुठले सॉफ्टवेअर घेऊ?’ अशी विचारपूस सुरू होते. याच सुमारास पुरवण्यांतून फोटोच्या सॉफ्टवेअरवर लेख येतात. आकाश बदलणे, चेहरा उजळणे, मागची गर्दी पुसून टाकणे याबद्दल त्यांत भरभरून लिहिलेले असते. पण वर्षाला पाच-सहा हजार फोटो काढणाऱ्याची खरी अडचण तिसऱ्या वर्षी सुरू होते: फोटो काढल्याचे पक्के आठवते, पण तो सापडत नाही. पुढे कधी तरी ते सॉफ्टवेअरच बंद पडते आणि घातलेली मेहनत त्याच्याबरोबर जाते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की फोटोला आपण दिलेले नाव, स्थळ, तारीख, पसंतीचे तारे हे सगळे ते कुठे लिहून ठेवते? फोटोच्या फाइलमध्ये, की स्वतःच्या पोटात?

पिकासाचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. गूगलने ते २००४ मध्ये विकत घेतले, आणि मार्च २०१६ मध्ये बंद केले. पिकासात जेपीईजी फोटोखाली लिहिलेली ओळ आणि लावलेले टॅग (खूणशब्द) फाइलमध्येच जात असत, त्यामुळे ते आजही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. फोटो कापणे, सरळ करणे, रंग सुधारणे हे मात्र ‘सेव्ह’ दाबेपर्यंत त्या फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये फक्त नोंदलेले असे. ती नोंद दुसऱ्या सॉफ्टवेअरला समजत नाही, म्हणून तिथे तोच फोटो तिरका आणि काळपट दिसतो. संपादन पुसले गेलेले नसते, ते वाचणारा उरलेला नसतो. ॲपलच्या ॲपर्चरवर मेहनत घेतलेल्यांनाही २०१४ मध्ये त्याचे पुढचे काम थांबल्याची घोषणा ऐकावी लागली. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण थांबली आणि १५ जीबीची मर्यादा लागू झाली. तेव्हा अनेकांनी आपले फोटो उतरवून घेतले. त्या उताऱ्यात प्रत्येक फोटोबरोबर जेसन प्रकारची एक वेगळी फाइल येते. आपण गूगलमध्ये लिहिलेले वर्णन आणि नकाशावर लावलेली जागा त्या फाइलमध्ये असते, फोटोत नसते. कचरा समजून त्या फाइली पुसल्या की वर्णनेही गेली.

फोटोत माहिती लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत. एक्झिफ हे कॅमेरा स्वतः लिहितो: वेळ, शटर, भिंगाचे छिद्र, आयएसओ, फोन असेल तर अक्षांश-रेखांश. आयपीटीसी ही वृत्तछायाचित्रांच्या कामातून आलेली जुनी पद्धत आहे, मथळा, वर्णन आणि खूणशब्दांची. एक्सएमपी ही २००१ साली अडोबीने आणलेली नवी पद्धत. आता ती आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग आहे. जेपीईजीमध्ये हे तिन्ही फाइलच्या आत बसते. तिथे टॅग लिहिल्याने चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही, कारण चित्राच्या भागाला हातच लागत नाही. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलला (जेपीईजी होण्यापूर्वीच्या कच्च्या नोंदीला) मात्र कोणी हात लावू नये. तिच्याशेजारी एक्सएमपी नावाची छोटी जोडफाइल ठेवतात, तिला साइडकार म्हणतात. रॉ फाइल दुसऱ्या डिस्कवर नेताना ही जोडफाइल मागे राहिली तर टॅग आणि संपादन दोन्ही मागे राहतात.

अडोबीचे लाइटरूम क्लासिक सगळे आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, लिहिते आणि फाइलमध्ये आपोआप लिहिण्याची सोय मुळात बंद असते. ‘कॅटलॉग सेटिंग्ज’मध्ये ‘मेटाडेटा’ (फोटोबद्दलची माहिती) या पानावर एक्सएमपीमध्ये बदल आपोआप लिहिण्याचा चौकोन आहे, तिथे खूण करावी. किंवा काम झाल्यावर सगळे फोटो निवडून कंट्रोल आणि एस दाबावे. कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी या दोन गोष्टी तरीही कॅटलॉगमध्येच राहतात. म्हणून महत्त्वाच्या कलेक्शनचे नाव टॅग म्हणूनही लावून ठेवणे शहाणपणाचे. डिजिकॅम हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘कॉन्फिगर डिजिकॅम’मधल्या ‘मेटाडेटा’ पानावर टॅग, वर्णन, तारे, चेहऱ्यांची नावे यांचे वेगवेगळे चौकोन आहेत, ते पहिल्या दिवशीच तपासावेत. साइडकारच्या नावातही एक मेख आहे. लाइटरूम मूळ फाइलचे एनईएफ किंवा सीआर३ (निकॉन-कॅननच्या रॉ फाइलींचे) हे शेपूट काढून एक्सएमपी लावते. डिजिकॅम आणि डार्कटेबल (रॉ फोटो सुधारण्याचे फुकट सॉफ्टवेअर) ते शेपूट ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडतात. त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्याला दिसत नाही आणि लोक म्हणतात टॅग उडाले. डिजिकॅमच्या साइडकार पानावर व्यावसायिक सॉफ्टवेअरशी जुळणारी नावे ठेवण्याची सोय आहे, ती चालू केली की हा घोळ मिटतो.

डिजिकॅम आणि डार्कटेबल यांचा नेमका उलटा प्रश्न होतो. दोघे एकाच साइडकारमध्ये लिहितात आणि शेवटी लिहिणाऱ्याचे राहते. टॅग फक्त डिजिकॅममध्ये लावावेत, डार्कटेबलच्या पसंतीमध्ये ‘सुरू होताना बदललेल्या एक्सएमपी फाइली शोधा’ हा पर्याय चालू ठेवावा आणि दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवू नयेत.

कुठल्याही सॉफ्टवेअरची परीक्षा पाच मिनिटांत घेता येते. एका जेपीईजीला टॅग, वर्णन आणि चार तारे द्या. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या विंडोज संगणकावर उघडा. राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’. तिथे टॅग आणि तारे दिसले तर ते फाइलमध्ये आहेत. मॅकवर ‘प्रिव्ह्यू’मध्ये इन्स्पेक्टर उघडून आयपीटीसीचा भाग पाहावा. काहीच दिसले नाही तर सेटिंग शोधा, नाही तर सॉफ्टवेअर बदला. ही परीक्षा पन्नास फोटो टॅग केल्यावर घ्यावी, पन्नास हजार केल्यावर नव्हे.

आता मराठीतून टॅग लावणाऱ्यांसाठी, कारण याबद्दल इंग्रजी लेखांत काही सापडत नाही. एक्सएमपी युनिकोडमध्येच लिहिले जाते, त्यामुळे देवनागरी तिथे सुखरूप असते. जुन्या आयपीटीसीमध्ये तसे नाही. अक्षरसंच कोणता हे तिथे वेगळे नोंदवावे लागते. सॉफ्टवेअरने ते नोंदवले नाही तर ‘शिवडी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. दुसरी मर्यादा लांबीची. आयपीटीसीत एका खूणशब्दाला ६४ बाइट मिळतात. इंग्रजीचे एक अक्षर एक बाइट घेते, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त तीन-तीन बाइट खातात. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हे. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ हा टॅग ८१ बाइटांचा होतो, आणि जे सॉफ्टवेअर ही मर्यादा पाळते ते त्याचे शेपूट कापते. टॅग आखूड ठेवावा, पूर्ण नाव वर्णनात लिहावे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य एका कळफलकावर एका पद्धतीने उमटतो, दुसऱ्यावर दुसऱ्या. ‘ॲ’चेही तसेच. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात; एक शोधला तर दुसरा सापडत नाही. त्यात आपण कधी ‘गणपती’ लिहितो, कधी ‘गणेशोत्सव’, कधी ‘बाप्पा’. उपाय एकच: टॅग दर वेळी टंकू नये, आधीच्या यादीतून उचलावा. पहिली दोन अक्षरे टंकली की यादी समोर आणणारे सॉफ्टवेअर निवडावे आणि टॅगची उतरंड करावी. ‘स्थळ’खाली ‘मुंबई’, त्याखाली ‘शिवडी’, ‘पक्षी’खाली ‘रोहित’ (फ्लेमिंगो). मग ‘पक्षी’ शोधले तरी शिवडीच्या खाडीतला रोहित सापडतो. लाइटरूममध्ये टॅगला समानार्थी शब्द जोडता येतात, तिथे ‘फ्लेमिंगो’ आणि ‘अग्निपंख’ लिहून ठेवावे. शोधणारा कुठला शब्द वापरेल ते आधी सांगता येत नाही.

टॅग लावायला वेळ नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून सगळे लावू नये. फोटो संगणकावर उतरवतानाच पूर्ण गठ्ठ्याला स्थळ आणि प्रसंग हे दोन टॅग एकदाच देता येतात, त्याला अर्धे मिनिट लागते. माणसांची नावे आणि पक्ष्यांची नावे नंतर, निवडलेल्या फोटोंनाच द्यावीत. चेहरे ओळखण्याची सोय डिजिकॅममध्ये आपल्याच संगणकावर चालते, फोटो बाहेर जात नाहीत. लहान मुले वाढतात तसा तिचा गोंधळ वाढतो, म्हणून सुचवलेले नाव डोळे मिटून मान्य करू नये.

उतरवताना फाइलचे नावही बदलून घ्यावे. बहुतेक कॅमेऱ्यांत मोजणी ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येते. दोन कॅमेरे असतील तर तेच नाव दोनदा येणे ठरलेलेच. एकाच फोल्डरमध्ये घाईने ‘रिप्लेस’ दाबले की जुना फोटो गेला. वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, आणि शेवटी मूळ नाव, असा साचा सॉफ्टवेअरमध्ये एकदा बसवून ठेवावा. फोल्डरलाही तोच क्रम: आधी वर्षाचा फोल्डर, त्यात ‘2025-09-06 गिरगाव विसर्जन’. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांतल्या सहा तारखेचे फोल्डर एकत्र येतात. आकडे मात्र इंग्रजी कळफलकावरचेच वापरावेत. काही फोल्डर देवनागरी आकड्यांत आणि काही इंग्रजी आकड्यांत असतील तर क्रम आणि शोध दोन्ही बिघडू शकतात. एकदा लाइटरूममध्ये घेतलेला फोल्डर बाहेरून, विंडोजच्या खिडकीतून, हलवू नये. कॅटलॉगला पत्ता सापडत नाही आणि फोल्डरवर प्रश्नचिन्ह येते. हलवायचाच असेल तर लाइटरूमच्याच फोल्डर पट्टीतून हलवावा. चुकून हलवला गेला असेल तर प्रश्नचिन्हावर राइट क्लिक करून हरवलेला फोल्डर दाखवून द्यावा. घाबरून पुन्हा आयात केली तर तेच फोटो कॅटलॉगमधल्या नोंदींविना दुसऱ्यांदा येतात.

वेळ दुरुस्त करण्याची सोय सगळ्यांत दुर्लक्षित आहे. मिरवणुकीला दोन कॅमेरे आणि एक फोन असेल आणि एका कॅमेऱ्याचे घड्याळ सात मिनिटे मागे असेल तर मूर्ती पाण्यात गेल्यावर पुन्हा चौपाटीच्या वाटेवर दिसते. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की काही कॅमेरे तारीख विसरतात. काही कॅमेऱ्यांवर टोकियोची वेळ राहून जाते, ती आपल्या साडेतीन तास पुढे आहे. उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याने फोनवरच्या सेकंदासकट घड्याळाचा एक फोटो काढावा. घरी आल्यावर त्या फोटोत दिसणारी वेळ आणि एक्झिफमधली वेळ यांची वजाबाकी करावी आणि त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून तेवढाच फरक एका दमात लावावा. डिजिकॅम, लाइटरूम क्लासिक आणि एक्झिफटूल (फोटोतली माहिती बदलणारे फुकट सॉफ्टवेअर) तिन्हींत ही सोय आहे. घड्याळ चुकलेले असेल तर फाइलचे नाव उतरवताना न बदलता आधी वेळ सुधारावी, मग नाव बदलावे. उलट केले तर चुकीची वेळ नावात कोरली जाते.

फोनवर जीपीएसची वाट नोंदवून ती कॅमेऱ्याच्या फोटोंना जोडता येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा किल्ल्यावर हिंडणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. ती नोंद जागतिक वेळेत असते, म्हणून सॉफ्टवेअरला आपला फरक साडेपाच तास असल्याचे सांगावे लागते. काही जण पाच किंवा सहा निवडतात आणि फोटो अर्धा तास मागच्या-पुढच्या वळणावर जाऊन बसतात. एकही फोटो वाटेवर बसत नसेल तर हा फरक मुळीच लावलेला नाही असे समजावे.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना स्कॅनची तारीख लागते आणि आजोबांचे लग्न यंदाच्या जूनमध्ये जाते. ‘मूळ तारीख’ या रकान्यात खरी तारीख भरावी. फक्त वर्ष माहीत असेल तर त्या वर्षाची १ जानेवारी लिहून ‘तारीख अंदाजे’ असा टॅग लावावा, कारण एक्झिफला अर्धवट तारीख चालत नाही. फोटोच्या मागच्या बाजूला लिहिलेला मजकूर वर्णनात उतरवून घ्यावा. स्कॅनमध्ये तो कधीच येत नाही.

निवडीबद्दल थोडक्यात. शिवडीला भरतीच्या वेळी सहाशे फोटो निघतात. पहिल्या फेरीत फक्त नापास ठरवावेत: हललेले, डोळा धूसर असलेले. दोन सारखे फोटो शेजारी ठेवून शंभर टक्के मोठे करून एकत्र सरकवण्याची सोय येथे कामी येते. डिजिकॅममध्ये तिला ‘लाइट टेबल’ म्हणतात. नापास लगेच पुसू नयेत, एक तारा देऊन महिनाभर ठेवावेत. रॉ आणि जेपीईजी दोन्ही काढत असाल तर जोडी एकत्र बांधून घ्यावी, नाही तर जेपीईजी पुसल्यावर रॉ अनाथ राहते.

एकसारखे फोटो शोधण्याच्या सोयीने मात्र नुकसान फार होते. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारात बाइट न् बाइट तीच असलेली फाइल शोधली जाते; तिथे एक प्रत पुसायला हरकत नाही. दुसऱ्या प्रकारात दिसायला सारखे फोटो शोधले जातात, आणि त्यात एकामागोमाग काढलेले वेगवेगळे फोटोही येतात. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ फोटोसारखीच दिसते, पण ती लहान केलेली असते आणि तिच्यातली एक्झिफ माहिती काढून टाकलेली असते. ‘नवी फाइल ठेवा, जुनी पुसा’ असा नियम लावला तर नेमके मूळ जाते आणि व्हॉट्सॲपची प्रत राहते. यादी लांबी-रुंदीनुसार लावावी, मोठी फाइल ठेवावी आणि ज्या नावात डब्ल्यूए आणि आकडे आहेत तीच पुसण्यासाठी निवडावी.

संपादनाकडे वळताना मूळ फाइलला हात न लावणारे सॉफ्टवेअर घ्यावे, हे वरच्या सगळ्यातून ओघानेच आले. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी तिन्ही त्या प्रकारातली आहेत. गिम्पमध्ये मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर नंतर बदलता येतात, पण ते त्याच्या एक्ससीएफ फाइलमध्येच शाबूत राहतात. जेपीईजीच उघडून तोच पुन्हा पुन्हा सेव्ह करत राहिले तर दर वेळी आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटींत नव्याने काटछाट होते, आणि मरीन ड्राइव्हच्या संध्याकाळच्या आकाशात सर्वांत आधी पट्टे दिसू लागतात. जेपीईजीत एका रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६३८४. सावलीतला चेहरा उजळवताना हा फरक दिसतो.

मुंबईच्या उत्सवांत सगळ्यांत जास्त फोटो गुलालाने बिघडतात. गुलाल, झेंडू आणि मंडपातले एलईडी यांत एकच रंग इतका जोरात असतो की लाल वाहिनी २५५ ला टेकते, हिरवी आणि निळी खालीच राहते. सरासरी उजेड दाखवणारा आलेख ठीकच दिसतो. छापून आल्यावर मात्र गुलालाच्या जागी कण नसलेला सपाट लाल डाग असतो. म्हणून आलेख तिन्ही रंगांचा वेगवेगळा दाखवायला लावावा आणि उजेड फुटल्याची सूचना चालू करावी. लाइटरूममध्ये त्यासाठी जे ही कळ आहे. मग प्रकाश अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) उतरवावा, व्हाइट बॅलन्स किंचित थंड करावा, रंगांच्या पट्टीत फक्त लाल रंगाचा उजळपणा कमी करावा आणि सावल्या वेगळ्या उचलाव्यात. सॅच्युरेशनची पट्टी ओढून हे सुटत नाही, कारण तिने सगळा फोटो फिका होतो. निव्वळ निळ्या एलईडीखालचा चेहरा कुठल्याच व्हाइट बॅलन्सने नैसर्गिक होणार नाही; त्या प्रकाशात दुसरा रंगच नसतो. असा फोटो कृष्णधवल करावा, बहुतेक वेळा तो त्यातच उठून दिसतो.

धुरकट हवेवर ‘डीहेझ’ ही पट्टी सगळे वापरतात आणि बहुतेक जण जास्त वापरतात. ती वाढवली की सावल्यांत दाणे येतात आणि इमारतींच्या कडेला उजळ किनार दिसू लागते. किनार दिसली की थोडे मागे यावे, आणि शक्यतो ती फक्त दूरच्या भागावर मास्क करून लावावी. सीएसएमटीसारख्या उंच इमारतीच्या उभ्या रेषा सरळ करताना कोपरे कापले जातात, म्हणून फोटो काढतानाच चहूबाजूंनी जागा सोडावी. पूर्ण शंभर टक्के सरळ केली की इमारत वरच्या बाजूला रुंद वाटते, जराशी कमी ठेवावी. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके छिद्र बारीक केल्यावर आकाशात दिसतात आणि दर फोटोत त्याच जागी असतात. एका फोटोत ते पुसून तेवढीच दुरुस्ती बाकीच्यांवर उतरवता येते. उतरवताना ‘क्रॉप’चा चौकोन मात्र काढून टाकावा, नाही तर सगळे फोटो एकाच मापात कापले जातात.

छपाईला देताना तीन गोष्टी जुळवाव्यात. इंचाला ३०० बिंदू धरले तर चार बाय सहाला १२०० बाय १८०० बिंदू लागतात, बारा बाय अठराला ३६०० बाय ५४००. बऱ्याच फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोन. कागद पूर्ण भरायचा तर उंचीचा नववा भाग कापला जातो, आणि लॅबमधले यंत्र तो कुठून कापेल हे आपल्या हाती नसते. म्हणून आधी स्वतः कापून द्यावे. रंगांसाठी एसआरजीबी ही नेहमीची रंगपद्धती निवडावी. अडोबी आरजीबीची फाइल जिथे प्रोफाइल (फाइलमधली रंगपद्धतीची नोंद) पाहिले जात नाही तिथे छापली की रंग मरगळलेले येतात. घरातल्या फोटोंतून जागेची माहिती निर्यातीच्या वेळी काढून टाकावी, मूळ फाइलमध्ये मात्र ती राहू द्यावी.

जपणुकीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. लाइटरूम बंद करताना बॅकअप घेऊ का असे विचारते, तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो. फोटो त्यात नसतात. तो कॅटलॉग गूगल ड्राइव्हसारख्या, दोन संगणक आपोआप जुळवणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवरून उघडला तर बिघडू शकतो. शिवाय जुळवणी म्हणजे जपणूक नव्हे. एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. फोटो, साइडकार आणि कॅटलॉग तिन्हींच्या तीन प्रती, त्यांतल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर, हा नियम मुंबईला इतर शहरांपेक्षा जास्त लागू आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच कपाटातल्या दोन डिस्क अशा वेळी एकाच पाण्यात जातात. एक डिस्क दुसऱ्या उपनगरातल्या नातेवाइकाकडे, वरच्या मजल्यावर ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी बदलून आणावी. आणल्यावर दहा-बारा फोटो त्यावरून प्रत्यक्ष उघडून पाहावेत.

फुकटात सुरुवात करायची असेल तर मांडणीसाठी डिजिकॅम, रॉसाठी रॉथेरपी आणि डागडुजीसाठी गिम्प, असे मी सुचवेन. डार्कटेबल जास्त ताकदीचे आहे, पण शिकायला महिने लागतात. पैसे देणार असाल तर लाइटरूम क्लासिकची मांडणी आणि संपादन एकाच ठिकाणी असण्याची सोय मोठी आहे, फक्त वर सांगितलेला एक्सएमपीचा चौकोन आधी खुणेचा करावा.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पुढे सॉफ्टवेअरचे परीक्षण छापाल तेव्हा किंमत आणि वैशिष्ट्यांच्या जोडीला ‘माहिती कुठे लिहिते’ अशी एक ओळ द्यावी. वर सांगितलेली पेनड्राइव्हची परीक्षा परीक्षकाला सहज घेता येईल. आणि वाचकांकडून फोटो मागवाल तेव्हा मूळ फाइल ई-मेलने पाठवायला सांगावे, वर्णनाच्या रकान्यात स्थळ आणि दिनांक भरून. व्हॉट्सॲपवरच मागवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा असे आवाहनात लिहावे. तसा पाठवला की तारीख आणि वर्णन फाइलबरोबर आपल्या कार्यालयात पोहोचतात.

आपला,
एक नियमित वाचक
दादर पश्चिम, मुंबई